आयोडीनला न दिसलेला कंद

कोरड्या घरात पाण्याची झारी न्यायची नाही, असा नियम होता. झारी बाहेर दाराशेजारच्या खिळ्याला टांगायची आणि मग आत शिरायचं. वनस्पती उद्यानातल्या बाकीच्या काचघरांत माणसं पाणी घालायला ठेवली होती. या एका घरात मात्र पाणी न घालायला एक बाई ठेवली होती, आणि तिला सगळे चौकशीताई म्हणत.

"म्हणजे काही न करायचा पगार मिळतो तुला," तिची मोठी नणंद म्हणायची. "आमच्या घराण्यात असं भाग्य कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं."

"न करणंच अवघड असतं, वन्सं. तुम्ही एक दिवस न बोलता राहून बघा."

वन्सं खरोखरच क्षणभर गप्प बसायच्या आणि मग शिवणयंत्राचं चाक जोरात फिरवायच्या. दोन खोल्यांच्या त्या घरात बहुतेक वेळ या दोघीच असत. चौकशीताईचा नवरा मालवाहू गाडीवर होता. तो घरी आला की दोन दिवस झोपायचा आणि तिसऱ्या दिवशी निघायचा. वन्सं बाहेरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायच्या, आणि वहिनीला टोमणे मारायला त्यांना सुई-दोरा खाली ठेवावा लागत नसे.

कोरड्या घरातलं काम तसं साधं होतं. काचेच्या छताखाली लाकडी फळ्या, फळ्यांवर मातीच्या कुंड्या. वर्षातला मोठा काळ जिथे पाण्याचा थेंब पडत नाही, अशा माळांवरची आणि उतारांवरची झाडं त्यांत होती. कोरडा हंगाम सुरू झाला की त्यांची पानं पिवळी पडत, मग तपकिरी होत, आणि एक दिवस हात लावताच वाळका पाला मातीपासून सुटून यायचा. असा पाला सुटला की कुंडी आडवी करून ठेवायची. आडवी कुंडी म्हणजे झोपलेली कुंडी. उभ्या कुंडीत भेगाळलेली माती दिसली की कुणाही भल्या माणसाचा जीव कळवळतो आणि तो पाणी घालून मोकळा होतो. झोपलेल्या कंदाला अवेळी पाणी मिळालं की तो आतून सडतो. आडव्या कुंडीत पाणी घालताच येत नाही, त्यामुळे भल्या माणसांपासूनही कंद वाचतो.

चौकशीताई इथे आली ती बटाट्यांमुळे. त्याआधी ती एका शीतगृहात बटाटे निवडायला होती. समोरून सरकत्या पट्ट्यावर बटाटे येत. सडका एकीकडे, कोंब फुटलेला दुसरीकडे, चांगला तसाच पुढे. सोबतच्या बायका गप्पा मारत निवडायच्या. हिचे हात चालायचे, पण डोकं कोंबांत अडकायचं. एकदा तिने मुकादमाला विचारलं, "याला माती नाही, पाणी नाही, उजेड नाही. मग कोंब फुटतो कशाच्या जोरावर?"

"तुझ्या प्रश्नांच्या जोरावर," मुकादम म्हणाला. "हात चालव."

तिने हात चालवला, पण प्रश्न थांबवला नाही. तिने तो मालाच्या गाडीवाल्याला विचारला, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला विचारला, तपासणीला आलेल्या साहेबालाही विचारला. स्टेशनवर जशी खिडकी असते तशी ही बाई आहे, फक्त उलटी, सगळ्यांना हीच विचारते, असं कुणीतरी म्हणालं आणि तिचं नाव चौकशी पडलं. ते नाव तिच्याबरोबर उद्यानातही आलं. तिथे त्याला 'ताई' जोडलं गेलं, एवढीच काय ती बढती.

उद्यानात एका सुट्टीच्या दिवशी जमिनीखालच्या झाडांचं प्रदर्शन होतं. कंद, गाठी, जाड मुळं मधोमध कापून मांडली होती, आणि शेजारी एक ठेंगणी, बारीक केस कापलेली बाई उभी राहून समजावत होती. ती डॉक्टरबाई. माणसांची नव्हे, झाडांची. हे वन्संना पुढे कैक वर्षं पटलं नाही आणि त्या गुडघ्यांबद्दल विचारत राहिल्या. चौकशीताईने रांगेत उभं राहून आपला बटाट्याचा प्रश्न विचारला. मग त्याच्या पोटातला दुसरा, मग तिसरा. मागची माणसं कुरकुरायला लागली.

"तुला उत्तर हवंय की नोकरी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आधी उत्तर द्या. आवडलं तर नोकरीचं बघू."

उत्तर तिला आवडलं. झाड पानांत ऊन पकडतं आणि साखर तयार करतं. पण ज्या जागी ओल चार दिवसांची पाहुणी असते, तिथलं झाड ती साखर फांद्यांवर आणि पानांवर उधळत बसत नाही. ते ती खाली पाठवतं. खाली तिचे दाणे बांधले जातात, त्यांना स्टार्च म्हणायचं. मग ओल आटायला लागली की झाड आपण होऊन पानं टाकतं, कारण पान म्हणजे पाणी उडून जायची खिडकीच. वर सगळं बंद. खाली कंद अगदी मंद श्वास घेत, त्याच साठ्यातलं चिमूटभर खात पडून राहतो. शहाणपण यात, की सगळं खाऊन टाकायचं नाही. ओल परत आल्यावर पहिला कोंब वर यायचा असतो, आणि कोंबाला हिरवं पान फुटेपर्यंत तो स्वतः काही कमावत नाही. तोवर त्याला शिदोरी लागते.

"म्हणजे बटाट्याचा कोंब पोत्यात वाढतो तो या शिदोरीवर," चौकशीताई म्हणाली.

"तिच्यावरच. आणि ती दाखवताही येते," असं म्हणून डॉक्टरबाईंनी बटाट्याच्या कापलेल्या फोडीवर एका बाटलीतून आयोडीनचा थेंब टाकला. थेंब चहाच्या रंगाचा होता. बघता बघता तो शाईसारखा निळाकाळा झाला.

चौकशीताईने पुन्हा टाकायला लावला. मग स्वतः टाकला. आपण बटाट्याचे डोंगर हातावेगळे केले आणि त्यांच्या पोटात हे असं लपलेलं होतं, याचं तिला इतकं नवल वाटलं की तिची बस चुकली.

कामावर लागल्यावर तिने डॉक्टरबाईंकडून तसल्या द्रावणाची एक लहान बाटली मागून घेतली आणि घरी आणली. त्या आठवड्यात घरातलं काही सुटलं नाही. रताळं निळं झालं, तांदळाचा दाणा निळा झाला. मग वन्संनी खळ लावून कडक केलेली एका गिऱ्हाइकाची कॉलर समोर टांगलेली दिसली. खळ म्हणजेही स्टार्च, असं तिने ऐकलं होतं. खरं आहे का, हे बघायला हवं होतं. खरं निघालं.

"लग्नाला घालायचा शर्ट आहे तो," वन्सं म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. "आता नवऱ्या मुलाला सांग, गळ्याशी शिदोरी बांधली आहे म्हणून."

त्या दिवसापासून बाटलीला घरात बंदी झाली. ती चौकशीताईच्या कामाच्या अ‍ॅप्रनच्या खिशात राहू लागली.

कोरड्या घरात तिची अशी वर्षं गेली. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायला ती शिकली, वाळक्या पाल्याचा आवाज ओळखायला शिकली. आणि इतक्या कुंड्यांत एक तिच्या विशेष लक्षात होती ती मोजणीदारांची.

मोजणीदार हे निवृत्त गृहस्थ. जमिनी मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एका दरीत मोठा जलाशय व्हायचा होता तेव्हा पाणी कुठवर चढेल त्या रेषेच्या खुणा त्यांनी उतारावर गाडल्या. त्या रेषेच्या खालच्या अंगाला, दगडांच्या फटीत, पिवळ्या फुलांची बुटकी झाडं होती. इतरत्र कुठे त्यांना ती दिसली नाहीत. पाणी चढण्याआधी त्यांनी काही गाठी उकरून पायमोज्यात भरल्या आणि उद्यानात आणून दिल्या. डॉक्टरबाईंनी चौकशी केली, आसपासचे डोंगर पालथे घालायला माणसं पाठवली; ते झाड पुन्हा सापडलं नाही. आणलेल्या गाठींपैकी वर्षागणिक एकेक जात राहिली. आता एकाच कुंडीत एकच झुपका उरला होता. दर वर्षी कोरडा हंगाम संपत आला की मोजणीदार काठी टेकत यायचे आणि दारातूनच विचारायचे, "उठला का आमचा?"

"झोपू द्या हो त्याला, काका. निवृत्त झालात म्हणून सगळ्यांना उठवत फिरता."

त्यांना हे उत्तर आवडायचं. म्हणूनच ते लवकर येत असावेत.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. डॉक्टरबाईंची नेमणूक उद्यानाच्या दुसऱ्या टोकाच्या बी-भांडारावर झाली. आणि कोरड्या घराच्या अर्ध्या छताची लोखंडी चौकट गंजून वाकली, म्हणून तेवढ्या फळ्या हंगामाच्या मध्यावरच रिकाम्या करायची वेळ आली. डॉक्टरबाईंनी किल्ली चौकशीताईच्या हातात दिली.

"जे गेलेत ते काढून टाक. जे आहेत ते उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसव. ठरवायचं तू."

ठरवायचं तू. हे तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. शीतगृहात पट्टा ठरवायचा, घरी वन्सं. ती किल्ली तिने दिवसभर मुठीत ठेवली.

एरवी कंद जिवंत आहे की नाही हे कळायला हंगाम संपेपर्यंत थांबायचं असतं. आता थांबायला जागा नव्हती. तिने एकेक आडवी कुंडी उचलून बघितली. जड होत्या त्या सरळ पलीकडे नेल्या. हलक्या वाटल्या त्या ओतून बघितल्या. काहींचा तर भुगा झाला होता, काही दुर्गंधीवरूनच कळल्या. मधल्यांचं काय? तेव्हा तिला खिशातल्या बाटलीची आठवण झाली आणि आपल्या हुशारीचं कौतुकही वाटलं. कंदाची बारीक चकती कापायची, थेंब टाकायचा. निळा झाला तर शिदोरी आहे. नाही झाला तर संपली, आणि शिदोरीशिवाय कोंब येणार कुठून? तिच्या लेखी जमिनीखालचं सगळं गोत बटाट्याचंच होतं.

मोजणीदारांची कुंडी हलकी लागली. गेल्या वर्षी त्याला पानंही थोडीच आली होती. तिने माती ओतली. आत बोटाएवढ्या गाठींचा झुपका होता, सुरकुतलेला, वर वाळक्या देठाचा बुंधा. एका गाठीची कड कापून तिने थेंब टाकला. थेंब चहाच्या रंगाचाच राहिला. तिने थोडं थांबून दुसरी गाठ कापली. तोच रंग. ती बराच वेळ बघत राहिली. थेंब वाळून गेला, पण निळा झाला नाही.

डॉक्टरबाईंना विचारावं असं तिच्या मनात आलं. पण पहिल्याच दिवशी विचारायला धावलं तर 'ठरवायचं तू' याला काय अर्थ राहिला? तिने झुपका इतर गेलेल्यांबरोबर टोपलीत टाकला आणि टोपली उद्यानाच्या मागे खताच्या ढिगावर नेऊन रिकामी केली.

दोन दिवसांनी मोजणीदार आले. यंदा फारच लवकर आले होते.

"छत काढताय असं कळलं," ते दारातून म्हणाले. "आमचा कुठे हलवलात?"

तिने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. काय केलं, कसं तपासलं, दोनदा तपासलं. सांगताना तिला आपला आवाज मुकादमासारखा वाटला.

मोजणीदारांनी काठीची मूठ अंगठ्याने पुसली. "बघू दे मला."

"टाकला मी, काका. खताच्या ढिगावर."

"बरं." ते उठले. उठायला त्यांना वेळ लागला. "त्या दरीत आता बोटी चालतात, माहीत आहे का? माणसं पाणी बघायला येतात. मी जात नाही." थोडं पुढे जाऊन ते थांबले. "तुझं शास्त्र बरोबरच असेल, बाई. पण टाकण्याआधी एक हाक मारायची होतीस."

ती घरी आली आणि कांदे चिरायला बसली. वन्सं आल्या, बसल्या, आणि कांद्याच्या टोपलीत हात घालून म्हणाल्या, "हे बघ, घरात कुणाचं लक्ष आहे का? कांद्यांना पालवी फुटली. वीतभर. कुंडीत लावा म्हणजे फुलंही येतील."

चौकशीताईने तो कांदा हातात घेतला. टोपलीत ना पाणी, ना माती. मधून हिरवीगार पात वर आलेली. शिदोरीशिवाय हे व्हायचं नाही. अ‍ॅप्रन खुंटीवर होता. तिने बाटली काढली.

"वहिनी," वन्सं सावधपणे म्हणाल्या, आणि शिवायला घेतलेला कपडा त्यांनी उचलून मांडीवर ओढून घेतला.

तिने कांदा चिरला आणि थेंब टाकला. चहाचा रंग. दुसऱ्या पाकळीवर टाकला. चहाचा रंग. बुडाशी टाकला. मग लसणाची पाकळी कापली. मग खात्रीसाठी बटाटा, आणि बटाटा मुकाट्याने निळा झाला. बाटली शिळी नव्हती.

"कांद्याला औषध लावून झालं असेल तर भाजी करणार का आज?"

"वन्सं, हा कांदा रिकामा आहे का हो?"

"रिकामा? हातात घे, दगडासारखा आहे. आणि रिकाम्या पोटी कुणाला एवढी पालवी फुटते?"

"पण आयोडीन म्हणतंय रिकामा आहे."

वन्संनी कांद्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. "मग आयोडीनला सगळं कुठे कळतंय. माझ्या कॉलरला होय म्हणालं होतं. तिला कोंब फुटणार होता का?"

चौकशीताईच्या हातातली सुरी थांबली. कांदा चिरला म्हणून डोळ्यांत पाणी आहे असं वन्संनी धरलं, आणि तिनेही तसंच धरू दिलं.

सकाळी फाटक उघडायच्या आधी ती तिथे हजर होती. खताचा ढीग आदल्या दिवशीच उलथून ओला केलेला होता, त्यातून वाफ येत होती. बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब उघडतं म्हणतात. या उकिरड्याचं तीन दिवसांत उघडलं होतं. तिने गेले म्हणून टाकलेल्यांपैकी दोन कंद, कांद्याच्याच जातकुळीतले, ओल लागताच टोकाशी हिरवे झाले होते. तिने ते उचलून बाजूला ठेवले. म्हणजे चूक एकाबद्दल नव्हती.

ढीग उपसायला आलेला माळी म्हणाला, "काय हरवलं, ताई? अंगठी?"

"त्याहून बारीक. फावडं नको लावू. हाताने."

दोघांनी हाताने उकरलं. भुगा निघाला, सडका गर निघाला, कुठल्यातरी जुन्या झारीची तोटी निघाली. मोजणीदारांचा झुपका दुपारकडे सापडला. ज्या दोन गाठी तिने कापल्या होत्या त्यांवर पांढरी बुरशी धरली होती आणि एक दाबली तर बोट आत जात होतं. बाकीच्या गाठी मात्र सुरकुतलेल्या, घट्ट.

ती तशीच, मातीच्या हातांनी, बी-भांडारात गेली. डॉक्टरबाई टेबलावर वाकून बिया वेगळ्या करत होत्या. तिने झुपका समोर ठेवला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कांद्याजवळ आली तेव्हा डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"मी तुला बटाट्यावर शिकवलं आणि तिथेच सोडलं," त्या म्हणाल्या. "सगळी झाडं स्टार्च नाही साठवत. कांदा-लसूण नाही, आणि या पिवळ्या फुलांच्या झाडाचं कुळही नाही. यांच्यात इन्युलिन असतं. तेही साखरेचंच, साखळीने जोडलेलं, पण दाणे नसतात त्याचे. पेशीतल्या पाण्यात विरघळलेलं असतं. आयोडीनला ते दिसत नाही."

"दाणे सोडून विरघळवून का ठेवायचं पण? सांडणार नाही का?"

डॉक्टरबाईंना हसू आलं. एवढ्या अपराधी चेहऱ्यातूनही प्रश्न बाहेर पडला होता. "बरंच आहे त्यात. पेशी फार वाळायला लागली की तिचं आवरण फाटायची भीती असते. हे विरघळलेलं असलं की आवरणाला सांभाळून घेतं, असं दिसतं. आणि ओल आली की साखळ्या चटकन तुटतात, गोडी वाढते, गोडी आजूबाजूचं पाणी आत ओढते. कोंब फुगून वर येतो. म्हणजे एकच माल, खायलाही आणि ढालीलाही."

"मग हा भरलेला आहे की नाही, कसं कळणार?"

डॉक्टरबाईंनी ड्रॉवरमधून एक नळी काढली, फळांची गोडी मोजतात ती. टोकाशी तिरकी काच, मागून डोळा लावायचा. त्यांनी बुरशी आलेल्या दोन्ही गाठी धारदार पात्याने मुळापासून उडवल्या. त्यांतल्या एकीचा देठाकडचा भाग अजून घट्ट होता. त्याची फोड करून चिमट्यात दाबली आणि एक थेंब काचेवर पाडला. नळी उजेडाकडे धरून चौकशीताईकडे दिली.

आत एक गोल होता. खालचा भाग पांढरा, वरचा निळा, आणि मधली सीमारेषा पट्टीवर चांगली वरपर्यंत चढलेली.

"साधं पाणी असतं तर रेषा तळाशी असती," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ती डोळा काढायला तयार होईना. तिने ज्याला रिकामा ठरवलं होतं त्याच्या पोटात हे होतं. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे जिवंत आहे?"

"ते नाही सांगितलं मी. भरलेला आहे. वाळलेल्या बटाट्याचं पीठही निळं होतं की. आपल्या सगळ्या बाटल्या-नळ्या माल दाखवतात, मालक घरात आहे की नाही ते नाही दाखवत."

"कॉलर," चौकशीताई पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. वन्सं हेच म्हणाल्या."

कोंब येणार तो गाठीतून नव्हे, देठाच्या बुंध्याशी असलेल्या डोळ्यांतून. बुंधा ढिगात ओला झाला होता. डोळा शाबूत आहे की कुजलाय हे बघायला तो खरवडावा लागला असता, आणि खरवडला तर शाबूत असलेलाही गेला असता. दोघींनी तो नुसताच हातात फिरवून बघितला. कापलेल्या जागी कोळशाची पूड लावली, झुपका वाऱ्यावर सुकवला आणि कोरड्या वाळूत पुरला. कुंडी आडवी करण्याआधी चौकशीताई म्हणाली, "आज मला लवकर जायचंय. त्यांना सांगून येते."

"नक्की होईल तेव्हाच सांग. उगाच आशा लावून पुन्हा..."

"नक्की झाल्यावरच सांगितलं होतं मी मागच्या वेळी," ती म्हणाली.

मोजणीदार तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. दार उघडून त्यांनी तिला बसायलाही न सांगता विचारलं, "काय राहिलं टाकायचं?"

तिने उभ्या उभ्याच सांगितलं. आपण चुकलो. तो रिकामा नव्हता, आपली बाटली त्याच्या कामाची नव्हती. सापडला आहे. दोन गाठी गेल्या. भरलेला आहे, पण उठेल की नाही ठाऊक नाही.

मोजणीदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची तिच्याकडे सरकवली. "विरघळवून ठेवतो म्हणतेस? दगडाच्या फटीत बसून?"

"हो. आणि ओल आली की तेच पाणी ओढतं."

"पाणी ओढतं," ते स्वतःशी म्हणाले. "मी तिथे खुणा गाडत होतो तेव्हा हे सगळं आत चाललेलं होतं तर." आणि मग त्यांनी इतके प्रश्न विचारले की चौकशीताईला पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूला बसल्यासारखं वाटलं. निम्म्यांची उत्तरं तिला येत नव्हती. तिने तसं सांगितलं.

बाकीचा कोरडा हंगाम तिने काहीच केलं नाही, आणि वन्संच्या म्हणण्याप्रमाणे ते करताना ती वाळून अर्धी झाली. ढिगातून परत आणलेले ते दोन कंद एव्हाना पानांवर आले होते. अवेळी उठलेल्यांना परत झोपवता येत नाही, म्हणून त्यांना वेगळ्या घरात पाणी देणं भाग पडलं. मोजणीदारांची कुंडी मात्र आपल्या जागी पडून होती. जाता-येता तिचा हात त्या कुंडीकडे जायचा आणि ती तो दुसऱ्याच एखाद्या कुंडीवर ठेवायची. हवेत पहिला ओलावा आला तेव्हा तिने सगळ्या कुंड्या उभ्या केल्या आणि कोरडा हंगाम सरल्यावर पहिल्यांदाच झारी आत नेली. एकेक कुंडी उठू लागली. ही उठली नाही. तिने डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "थांब." तिने मोजणीदारांना सांगितलं, "थांबा." ते म्हणाले, "मी कुठे जातोय?"

शेजारच्या कुंड्या फुलायला आल्या तेव्हा एका सकाळी वाळूला बारीक तडा गेलेला दिसला. बुंध्याच्या एका अंगाला तांबूस टोक होतं. दुसऱ्या अंगाला, जिथे तिची सुरी लागली होती त्याच्या अगदी शेजारी, आणखी एक.

डॉक्टरबाईंनी वाळू फुंकून बघितली आणि म्हणाल्या, "दोन डोळे, आणि दोघांच्या वाट्याला गाठी आहेत. आत्ताच मधोमध कापला तर दोन झाडं होतील. एक गेलं तरी एक राहील. पण कापण्यात धोका आहे, हे तुला सांगायला नको. ठरवायचं तू."

"नाही," चौकशीताई म्हणाली. "आधी हाक मारून येते."

तिने कुंडी कापडी पिशवीत उभी बसवली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या मजल्यावर मोजणीदारांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. दोन्ही टोकं पाहिली. तिने दोन्ही बाजू सांगितल्या. एकत्र ठेवला तर काय, वाटला तर काय.

"तू काय करशील?"

"मी कापीन. पण माझी सुरी याला एकदा लागलीय. म्हणून तुम्हाला विचारते."

ते खिडकीशी गेले. "काप," पाठमोऱ्यानेच ते म्हणाले. "एक तुमच्याकडे राहू दे. दुसरा मला दे. तुमचं छत पुन्हा कधी वाकेल, सांगता येत नाही."

"पाणी कधी घालायचं ते सांगीन मी. पण खरं काम ते नाही, काका. वर्षातला मोठा काळ घालायचंच नाही. माझ्या वन्सं त्याला काही न करायचा पगार म्हणतात."

"ते मला जमेल. तुझ्या वन्संना विचार, त्यांना जमेल का."

आणि त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरून रेडिओ उचलला, औषधांच्या बाटल्या उचलल्या, जुनी वर्तमानपत्रं काढून जमिनीवर ठेवली आणि हाताने धूळ झटकली. "ऊन इथे दुपारनंतर येतं," ते म्हणाले. "चालेल का त्याला?"

चौकशीताईने कट्ट्यावर तळहात ठेवला आणि ऊन यायची वाट बघत ती तिथेच उभी राहिली.